स्वतःच्या घरात शिव्या दिल्या तर गुन्हा दाखल होऊ शकतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की दार लावून स्वतःच्या घरात शिव्या दिल्या आणि शेजाऱ्याने पोलिसांत तक्रार केली, तर पुढे काय होतं. टीव्हीसमोर बसून किंवा स्वतःवरच चिडून दिलेली शिवी हा गुन्हा नाही. पण "माझं घर आहे, मी काहीही बोलेन" हा बचाव काही मोजक्या कलमांपुरताच चालतो.

शेजारी धमकी देतात ती बहुधा भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 ची, म्हणजे 1 जुलै 2024 पूर्वीच्या भारतीय दंड विधानातल्या (भादंवि) कलम 294 ची. त्यासाठी शब्द अश्लील हवेत, ते सार्वजनिक जागी किंवा तिच्या जवळ उच्चारलेले हवेत आणि त्यामुळे इतरांना त्रास झालेला हवा. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "जवळ" हा शब्द लोक विसरतात. बंद खोलीतलं बोलणं सहसा यात बसत नाही, पण गॅलरीतून रस्त्यावरच्या माणसाला आई-बहिणीवरून शिव्या घातल्या तर तक्रारीला जागा मिळते. तरीही प्रत्येक घाणेरडी शिवी अश्लील ठरत नाही. एन. एस. मदनगोपाल खटल्यात 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुसते अपमानकारक शब्द पुरेसे नाहीत, त्यांत कामुक भावना चाळवणारं काही असावं लागतं.

खरी अडचण शेजाऱ्याची नसते, घरातल्याच माणसांची असते, आणि तिथे भिंती अजिबात कामाला येत नाहीत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ हा हिंसाचारच आहे. अपमान, टिंगल, नावं ठेवणं, विशेषतः मूल किंवा मुलगा झाला नाही म्हणून टोचून बोलणं, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. या कायद्याखाली अर्ज फक्त स्त्रीला करता येतो, पण तो सासू-नणंदेविरुद्धही करता येतो. त्या बोलण्यावर थेट तुरुंगवास नाही; दंडाधिकारी आधी संरक्षण आदेश देतात. तो आदेश मोडून पुन्हा शिवीगाळ केली की मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. माझ्या मते घरातल्या शिव्यांबाबत सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित कायदा हाच आहे.

स्त्रीच्या लज्जेचा अपमान करण्याच्या हेतूने तिला ऐकू जावेत असे शब्द वापरले तर न्याय संहितेचंच कलम 79 लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्यालाही सार्वजनिक जागेची अट नाही. समोरचा भडकून मारामारीवर यावा म्हणून मुद्दाम केलेला अपमान कलम 352 मध्ये येतो, आणि जिवे मारण्याची धमकी 351 मध्ये.

जातिवाचक शिवीगाळीचं वेगळं आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणाऱ्या कायद्यात, ती "लोकांच्या नजरेसमोर" झालेली असावी लागते. हितेश वर्मा खटल्यात (2020) चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना बोललेलं त्यात धरलं गेलं नाही. पण स्वर्ण सिंग खटल्यातला 2008 चा निकालही लक्षात ठेवा: कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरून दिसणारं तुमचं अंगण लोकांच्या नजरेसमोर असू शकतं, आणि घरात नातेवाईक-मित्रांखेरीज बाहेरची माणसं हजर असतील तर घरसुद्धा. म्हणजे प्लंबर काम करत असताना बोललात तर भिंतींचा आधार उरत नाही.

तक्रार करणारे नेहमी एक चूक करतात. "अर्वाच्य शिवीगाळ केली" एवढंच लिहितात. नेमके शब्द, वेळ, कोण कुठे उभं होतं आणि कोणी ऐकलं, हे सगळं लिहा; लाज वाटली तरी शब्द जसेच्या तसे लिहा. मोबाइलवर रेकॉर्डिंग असेल तर मूळ फाइल त्याच फोनवर, न कापता ठेवा, कारण कोर्टात भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि काटछाट केलेल्या क्लिपवर लगेच आक्षेप येतो.

तुमच्याविरुद्ध तक्रार झाली असेल तर ठाण्यात आधी कलम विचारा. एकटं 352 असेल तर तो अदखलपात्र गुन्हा आहे: पोलीस एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) करतात, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास किंवा वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. 296 किंवा 79 असेल तर ते दखलपात्र आहेत, आणि मग जबाब देण्याआधी वकिलाला फोन करा.