वारसा कोणाचा मोठा? एक वजाबाकी

प्रश्न : परवा रविवारी जेवणं झाल्यावर घरात वाद पेटला : इतिहासातल्या कोणाचा वारसा सर्वांत मोठा? सासरे म्हणतात नाना शंकरशेट, कारण मुंबईची रेल्वे. मुलगी न्यूटनवर अडून बसली. ह्यांचं म्हणणं, बाबासाहेबांपुढे दुसरं नाव घेऊच नका. निकाल तुम्ही द्या.
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : देते, पण कुणीतरी रुसणार. माझी रीत सोपी आहे. त्या माणसाला इतिहासातून वजा करायचं आणि काय अडलं असतं ते बघायचं.

न्यूटनला वजा केलं तरी कलनशास्त्र लायब्निझने स्वतंत्रपणे मांडलंच होतं. विज्ञानाला उशीर झाला असता, इतकंच. रेल्वेचंही तेच. नाना त्या खटपटीत पहिल्यापासून होते, पण १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सोडणारी कंपनी लंडनची होती आणि साहेबाला कापूस बंदरावर आणायचाच होता. रूळ पडलेच असते.

बाबासाहेबांपाशी ही वजाबाकी थांबते. १९२७ चं महाड, १९५६ चं नागपूर दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं? ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात जाऊन बघा. रात्रभर प्रवास करून आलेली माणसं परतताना पुस्तकं घेऊन जातात. तेव्हा निकाल ह्यांच्या बाजूने.

पण तुमच्या यादीत एक नाव नाही, आणि वाद घातलात तो रविवारी! नारायण मेघाजी लोखंडे. जोतीरावांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ साली त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या काय, तर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, काम करताना हातपाय गेला तर भरपाई. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, त्यात दोन बायका भाषणाला उभ्या राहिल्या (त्यांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत, याचा मला राग येतो). १० जूनला मालकांनी रविवार मान्य केला. सुट्टी पुढे कायद्यानेही आली असती, हे कबूल. पण ती कामगारांनी स्वतः मागून घेतली, ही सवय लोखंड्यांनी लावली. माझे वडील लालबागच्या गिरणीत साचेखात्यात होते. दर रविवारी दुपारी घोरायचे, पण लोखंड्यांचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. १८९७ च्या प्लेगात लोखंडे गेले.

सासऱ्यांना मात्र हिरमुसू देऊ नका. त्यांचं नाव बरोबर आहे, कारण चुकलंय. मुलींना शिकवलं म्हणून लोक शेण मारत होते त्या काळात नानांनी आपल्या गिरगावच्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. पुढच्या वेळी त्यांना म्हणावं, रेल्वे सोडा, वाडा धरा. मग ह्यांनाही उत्तर द्यायला जरा विचार करावा लागेल.