२००० च्या दशकातली मळकट, स्प्रे-पेंटवाली शहरी पोस्टर शैली फोटोशॉपमध्ये कशी आणायची?

या शैलीचा सगळा जीव टेक्स्चरमध्ये आहे, म्हणून ते हातानेच बनवा. रोलरला अगदी थोडाच काळा रंग लावून तो कागदावर फिरवा, वाळल्यावर ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) ग्रेस्केल, म्हणजे फक्त काळ्या-करड्या-पांढऱ्या छटांत, स्कॅन करा. लेव्हल्सने (उजेड-अंधार कमीजास्त करणारी सोय) करडा भाग उडवा आणि 'डिफाइन ब्रश प्रीसेट' करा, म्हणजे त्या डागाचाच ब्रश बनतो. २००२ च्या फोटोशॉप ७ मध्ये नवं ब्रश इंजिन आलं, त्यामुळे असे ब्रश वापरणं खूप सोपं झालं. ब्रशच्या सेटिंग्जमधल्या शेप डायनॅमिक्समध्ये अँगल जिटर (दर ठशाला कोन आपोआप बदलणं) १०० टक्के ठेवा, नाहीतर तोच डाग त्याच कोनात पुन्हापुन्हा दिसतो आणि बनाव लगेच उघडा पडतो.

फोटोला थ्रेशोल्ड लावा, म्हणजे तो निव्वळ काळा-पांढरा होतो (१२८ पासून सुरुवात करून डोळे-नाक स्पष्ट उरतील तिथे थांबा) आणि तो लेयर मळक्या कागदाच्या लेयरवर मल्टिप्लाय करा, म्हणजे पांढऱ्या भागातून खालचा कागद दिसतो. अक्षरं इरेझरने खरवडू नका. लेयर मास्कवर (लेयरचा भाग न पुसता नुसता झाकणारा पडदा) ब्रश मारा, म्हणजे मजकूर नंतरही बदलता येतो. ओघळ फक्त दाट रंगाच्या खालच्या कडेतून काढा, लांबी कमीजास्त ठेवा. रंग तीनच: काळा, मळकट पांढरा आणि एक भडक केशरी किंवा लाल.

नेटवरून घेतलेलं लहान टेक्स्चर ए३ वर ताणू नका, कडा धूसर होतात आणि खरखरीतपणाच जातो.