पावडर नंतर घ्या, आधी पंपवाल्याला गाठा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ठाण्याच्या कासारवडवलीला नवीन घर, सात किलोचं फ्रंट लोड, म्हणजे समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन. तीन महिन्यांत टॉवेल कडक झाले, मुलाचे शाळेचे पांढरे शर्ट करडे पडले, काळ्या कुर्त्यावर पांढरे पट्टे यायला लागले. शेजारच्या काकू म्हणतात हाताने धुण्याची पावडर घाला, स्वस्त पडते आणि फेसही भरपूर. दुकानदार म्हणतो लिक्विडच न्या. कपडे धुवायला नेमकं काय घ्यायचं, याचं तुम्हाला एका नावात उत्तर हवंय. नाव कुणीही सांगेल, पण तुम्ही पाण्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

आमचंच सांगते. आम्ही अकरा वर्षं नेरुळला होतो. तिथे नवी मुंबई महापालिकेचं मोरबे धरणाचं पाणी. धरणाचं म्हणजे पावसाचं, मऊ. चमचाभर पावडरीत कपडे निघायचे. मग ठाण्याला, तुमच्याच घोडबंदर रोडवर, मानपाड्याला राहायला आलो. मशीन तेच, पावडर तीच, मापाचा चमचासुद्धा तोच. दीड महिन्यात टॉवेल असे झाले की दोरीवरून काढताना पापड काढतोय असं वाटावं. मी अर्थातच पावडरीला दोष दिला. तीन पाकिटं बदलली, प्रत्येक आधीपेक्षा महाग. मे महिन्यात एकदा खाली उतरले तर टँकरचा पाइप टाकीत सोडलेला. पंपवाल्याला विचारलं तेव्हा तो सहज म्हणाला, "सकाळी महापालिकेचं, दुपारनंतर टँकर, आणि टँकर नाही आला की मग बोअर सोडतो." मी तीन पाकिटं बदलली आणि पाणी मात्र दिवसातून तीनदा बदलत होतं!

घोडबंदर रोडच्या बऱ्याच सोसायट्यांची हीच कथा आहे, उन्हाळ्यात तर विचारूच नका. धरणाचं पाणी मऊ असतं. जमिनीखालून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, आणि टँकर कुठे भरला ते टँकरवालाच जाणे. डिटर्जंटचा बराच भाग आधी या क्षारांना आवरण्यात खर्ची पडतो, उरलेला मळाच्या वाट्याला येतो. स्वस्त पावडरीत मुख्य ऐवज धुण्याच्या सोड्याचा. सोडा आणि कॅल्शियम एकत्र आले की चुनखडी तयार होते, तीच जी तुमच्या गिझरमध्ये आणि शॉवरच्या भोकांवर बसते. ती थोडी थोडी धाग्यांत अडकते. टॉवेल त्यामुळे कडक होतो, पांढरा शर्ट त्यामुळे करडा होतो. अशा क्षारांच्या, म्हणजे जड, पाण्यात स्वस्त पावडर मापापेक्षा जास्त घालणं म्हणजे पैसे मोजून स्वतःलाच चुना लावून घेणं, अगदी शब्दशः.

घरी तपासायचं असेल तर प्लॅस्टिकची एक लिटरची बाटली घ्या, निम्मी नळाच्या पाण्याने भरा. त्यात अंगाच्या साध्या साबणाचा किस चिमूटभर टाका. डिटर्जंट नको, साबणच हवा. झाकण लावून दहा-पंधरा वेळा हलवा. वर फेस उभा राहिला आणि खाली पाणी बऱ्यापैकी नितळ दिसलं तर पाणी मऊ. फेस बसला, पाणी दुधाळ झालं आणि कडेला साय धरल्यासारखा चिकट थर दिसला तर जड. सकाळचं पाणी आणि संध्याकाळचं पाणी अशा दोन बाटल्या करा. आमच्याकडे सकाळच्या बाटलीत चार बोटं फेस होता, संध्याकाळच्या बाटलीत ताक! तेव्हापासून आमचं मशीन सकाळी साडेसहाला लागतं, आणि निम्मी तक्रार फुकटात मिटली.

सोसायटीचे सेक्रेटरी "पाणी पिण्यायोग्य आहे" असा रिपोर्ट दाखवतील. तो खोटा नसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, पण दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतं. पाचशेचं पाणी पिऊन तुम्हाला काही होणार नाही, टॉवेलला होईल. आणि एक कळकळीची विनंती. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी बादलीत साठवून कपड्यांना वापरत असाल तर थांबवा. मूळ पाण्यातले क्षार त्या पाण्यात आणखी दाट होऊन येतात. लादी पुसा, संडासात ओता, कपड्यांना नको.

आता काकूंची पावडर. हाताने धुण्याची पावडर वाईट नसते, ती बादलीसाठी बनवलेली असते. सर्फ १९५९ मध्ये आली, निरमा १९६९ मध्ये. तेव्हा मशीन होतं कुणाकडे? बादलीत फेस आला की पावडर चांगली, हे तेव्हापासून आपल्या डोक्यात बसलंय. फ्रंट लोडमध्ये पाणी जेमतेम कपडे भिजतील इतकंच असतं. कपडे वर जाऊन धपकन खाली आपटतात, तेच त्यांचं धोपटणं. मध्ये फेसाची गादी आली की ते आपटतच नाहीत, नुसते लोळतात. वर मशीनला फेस कळला की ते पाणी काढत, पुन्हा भरत बसतं. म्हणून पाकिटावर 'मॅटिक' (म्हणजे ऑटोमॅटिक मशीनसाठी) आणि 'फ्रंट लोड' असे दोन्ही शब्द बघा. त्यात फेस दाबणारा घटक मुद्दाम घातलेला असतो. 'टॉप लोड' लिहिलेलं फ्रंट लोडला घालू नका. उलटं केलं तर बिघडत नाही, फक्त फेस कमी दिसतो आणि मनाला चुटपुट लागते. सेमी ऑटोमॅटिकवाल्यांनी काकूंची पावडर खुशाल वापरावी.

ही अक्कल मला मेकॅनिकने शिकवली. एकदा पावडर संपली म्हणून मी बादलीचीच पावडर दोन मुठी टाकली. तासाभराचं धुणं सव्वादोन तास चाललं आणि मग मशीन मध्येच अडकून बसलं. मेकॅनिक आला, खालचा फिल्टर उघडला, त्यातून दोन रुपयांचं नाणं आणि केसांचा गुंता काढला. मला वाटलं झालं काम. पण त्याने ड्रम रिकामा ठेवला, पावडरीचा खण धुऊन कोरडा केला, ६० अंशांवर मशीन लावलं आणि म्हणाला, "ताई, आता काचेकडे बघत बसा." वीस मिनिटांनी काचेवर फेस चढायला लागला. आत ना कपडा, ना पावडर. "हा मागच्या महिन्याचा फेस," तो म्हणाला. ड्रमच्या मागे, रबराच्या घडीत, पाइपात बसलेली जुनी पावडर गरम पाण्याने सुटत होती. रबराची घडी बोटाने उघडून दाखवली तर आत राखाडी लगदा. टॉवेलला जो कुबट वास येत होता, तो याचाच होता. तुम्हीही हा प्रयोग आज रात्री करा. फेस आला तर फेस यायचा थांबेपर्यंत रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवा, दोन किंवा तीन वेळा. त्याआधी नवी पावडर आणलीत तर ती चांगली की वाईट हे कळणारच नाही.

लिक्विड की पावडर? मी दोन्ही ठेवते आणि याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. चांगल्या मॅटिक पावडरीत क्षारांना धरून ठेवणारे घटक असतात, आणि बऱ्याच वेळा ऑक्सिजन सोडणारं ब्लीचही असतं. पांढरे शर्ट, टॉवेल, चादरी, पायपुसणी यांना पावडर, तीही ४० ते ६० अंशांवर, कारण हे ब्लीच थंड पाण्यात जवळजवळ झोपलेलंच असतं. लिक्विडमध्ये असं ब्लीच सहसा नसतं. त्यामुळे रंग टिकतात, ते थंड पाण्यात लगेच विरघळतं आणि तेलकटपणावर छान चालतं. काळे कुर्ते, जीन्स, ऑफिसचे रंगीत शर्ट यांना लिक्विड. म्हणजे तुमच्या मुलाच्या शर्टांचा आणि तुमच्या कुर्त्याचा इलाज एकाच पाकिटात नाही. लिक्विड खणात घालत असाल तर मुख्य धुण्याच्या कप्प्यात प्लॅस्टिकची छोटी पट्टी असते ती खाली करा, नाहीतर बऱ्याच मशीनमध्ये ते सुरुवातीलाच वाहून जातं. डिटर्जंटची कॅप्सूल मला पटत नाही. माप ठरलेलं, कपडे अर्धे असोत की भरगच्च. घरात लहान मूल असेल तर आणूच नका, ती खायच्या गोळीसारखी दिसते.

पाकिटामागे 'एन्झाइम' लिहिलंय का ते जरूर बघा. आपल्याकडे डाग कसले? वरण, दूध, अंडं, आमटीचं तेल, आणि ठाणे स्टेशनवरून येणारी कॉलर. प्रथिनं, पिष्ट आणि तेल यांचे तुकडे करायचं काम एन्झाइमचं. ती कोमट पाण्यात, ४० अंशांच्या आसपास उत्तम चालतात, पण त्यांना वेळ लागतो. पंधरा मिनिटांच्या 'क्विक' धुण्यात त्यांना हात-पाय हलवायलाही सवड मिळत नाही. रेशमी साडी आणि लोकर मात्र या पावडरीत घालू नका. रेशीम आणि लोकर ही स्वतःच प्रथिनं आहेत, त्यांना वेगळं सौम्य लिक्विड. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो तेव्हा घाबरून पुन्हा पावडर ओतू नका. हळदीचा रंगच तसा आहे, अल्कलीत लाल होतो. धुऊन ओला कपडा कडक उन्हात टाका, दोन दिवसांत ऊन तो खाऊन टाकतं. त्यापुढे कुठलंही महागडं लिक्विड फिकं.

मापाबद्दल तुम्ही लिहिलंय "अंदाजे". मीही अंदाजेच घालायची. मग प्रवासाची बॅग तोलायचा काटा काढला आणि एका दिवसाचे कपडे पिशवीत घालून लटकवले. चार माणसांचे साडेतीन किलो भरले. मी माप मात्र सात किलोचं घालत होते, मशीनवर सात लिहिलंय म्हणून! आता साडेतीन किलोला सकाळच्या पाण्यात ३० ते ३५ मिलिलिटर लिक्विड, टँकरचे दिवस असतील तर ५०. पावडर साधारण ५० ग्रॅम, टँकरला ७०. पाकिटावरचं कोष्टक वाचून तुमचं तुम्ही बसवा, हे माझ्या घरचं माप आहे. दोन किलोच्या पाकिटात ५० ग्रॅमप्रमाणे चाळीस धुणी होतात, मूठभर जास्तीच्या सवयीने वीस. डी-मार्टमध्ये आपण किलोचा भाव बघतो, धुण्याचा कुणी बघत नाही.

सुगंधी सॉफ्टनरचं काय, असं तुम्ही विचारलंय. शर्टांना घाला, टॉवेलला नको. तो धाग्यावर मेणचट थर देतो. टॉवेल हाताला मऊ लागतो पण पाणी टिपत नाही. टॉवेलसाठी सॉफ्टनरच्या खणात कधीतरी पाऊण वाटी पांढरं व्हिनेगर घालते, चुना सुटतो. रोज नको, रबराला सोसत नाही. मशीनच्या आतल्या क्षारांसाठी दोन महिन्यांतून एकदा डीस्केलरची पावडर घालून रिकामं धुणं. व्हिनेगर किंवा डीस्केलर कधीही क्लोरीनच्या ब्लीचच्या पाण्यात मिसळू नका, विषारी वायू निघतो. नळाला बसवायचा जो छोटा फिल्टर विकतात त्याने हीटरवर थर कमी बसतो, पाणी मऊ होत नाही. खरं मऊ करायचं असेल तर मीठ लागणारा रेझिनचा वॉटर सॉफ्टनर, आणि तो सोसायटीने बसवला तरच परवडतो. सभेत विषय काढा. आमच्याकडे तीन वर्षं चर्चाच चालू आहे.

पावसाळ्यात बेडरूमच्या दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांचा वास पावडर वाढवून जात नाही, उलट अडकलेली पावडर वास वाढवते. एक जास्तीचं विसळणं घ्या, पिळण्याचा वेग मिनिटाला हजार फेऱ्यांच्या पुढे ठेवा, धुणं संपल्या संपल्या कपडे बाहेर काढा, पंख्याखाली सुटसुटीत पसरा. आणि मशीनचं दार उघडं ठेवा.

तुमचा काळा कुर्ता टाकून देऊ नका. पट्ट्यावर थेंबभर पाणी घालून बोटाने चोळा. बुळबुळीत लागलं तर ती न विरघळलेली पावडर. ड्रम कोंबून भरलेला असतो तेव्हा घडीत अडकते ती. नुसत्या पाण्यात एक धुणं दिलंत की जाईल. खरखरीत लागलं तर क्षार. अर्धी बादली पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून वीस मिनिटं भिजवा, विसळा, मग उलटा करून लिक्विडमध्ये धुवा. दोन्हींनी गेलं नाही तर पट्टे नेमके कुठे आहेत ते लिहा. काखेत आणि पाठीवरच असतील तर ते पावडरीचे नव्हेतच, घामाचे आहेत.