हाताला न उतरणारं उत्तर

नागपूर

बेटा,

परवा फोनवर तू विचारलंस, "मॅडम, सेकंड इयरचा एक मुलगा डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट घेऊन आला. पेपरला जास्त वेळ मागतो. वर्गात तर फटाफट उत्तरं देतो. खरं असेल का हे?" तेव्हा मी घाईत काहीतरी बोलून गेले. आज नीट लिहिते.

तो फटाफट बोलतो, यात संशय घेण्यासारखं काही नाही. डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी कमी असणं नव्हे. ऐकलेलं कळतं, तोंडी सांगता येतं, पण छापील ओळ वाचायला आणि मनातलं कागदावर उतरवायला दुप्पट-तिप्पट कष्ट पडतात. त्यात आपली देवनागरी! एकट्या 'र'ची रूपं बघ: रथात वेगळा, प्रकाशात वेगळा, सूर्यात डोक्यावर चढलेला, राष्ट्रात पायाशी बसलेला.

मी भूगोल शिकवायला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत उमरेडकडचा एक मुलगा वर्गात होता. चाचणीत विदर्भातल्या नद्यांचा नकाशा काढायला दिला होता. त्याचा नकाशा वर्गात सगळ्यात चांगला होता. पेंच कन्हानला मिळाली होती, कन्हान वैनगंगेला, आणि खाली वर्धा-वैनगंगेच्या संगमापासून प्राणहिता अगदी जागच्या जागी. पण वर्धेचं झालं होतं 'वध्रा', पर्जन्याचं 'प्रजन्य', प्राणहितेचा 'र' तर गायबच. मी लाल पेनानं कागद भरून टाकला आणि तो वर्गात वर धरून म्हटलं, "बी.ए.ला आलात, आधी बाराखडी शिका." मुलं हसली. तास संपल्यावर तो टेबलाशी आला. म्हणाला, "मॅडम, मले सगळं येते. हातातून उतरतच नाही." मी म्हटलं, "सराव कर." दिवाळीनंतर तो कॉलेजात दिसला नाही. चौकशीही मी केली नाही. त्याला डिस्लेक्सिया असणार, हे मला पुष्कळ वर्षांनी, एका प्रशिक्षणात बसले असताना कळलं. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही.

तुझ्या स्टाफरूममध्ये तुला दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतील. एक, "शाळेत ठीक आहे, युनिव्हर्सिटीत हे लाड कशाला?" दुसरं, "बाकीच्या पोरांवर अन्याय होतो." बोलणारी माणसं वाईट नसतात. वर्षानुवर्षं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून आपल्या डोक्यात स्वच्छ अक्षर म्हणजे अभ्यास, हे समीकरण पक्कं बसतं. पण कायद्यानं हा वाद मिटवला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता आहे (डिस्लेक्सिया तिच्यातच येतो), आणि तो कायदा कॉलेजच्या फाटकाशी थांबत नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१८ मध्येच लेखनिक, म्हणजे सांगितलेलं उत्तर लिहून देणारा रायटर, घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा दिली होती. लेखनिक न घेणाऱ्यालाही ३ तासांच्या पेपरला किमान १ तास वाढवून देण्याची मुभा त्यात होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात, अशी सोय हा समानतेचाच भाग असल्याचं स्पष्ट केलं. कुणी हुज्जत घातली तर आवाज न चढवता एवढं सांग.

बाकी तुझ्या हातात आहे ते बघ. त्याला वर्गात उभं करून वाचायला लावू नकोस. फळ्याचा फोटो काढू दे, कारण बघून उतरवण्यातच त्याचा तास जातो आणि तुझं बोलणं निसटतं. नोट्स आदल्या दिवशी दे. अंतर्गत गुण तर तूच देणार आहेस. प्रश्न एकदा मोठ्यानं वाचून दाखव, वाटलं तर उत्तर तोंडी घे. मुद्दा बरोबर असेल तर वेलांटीचे गुण कापू नकोस. आणि सर्टिफिकेटबद्दल चारचौघांत एक अक्षर बोलू नकोस. तो तुझ्याकडे आला, त्याआधी किती दिवस तो कागद बॅगेत घेऊन फिरला असेल, कोण जाणे.

तू तासिका तत्त्वावर आहेस, तुझं कोण ऐकणार, असं तू म्हणशील. प्राचार्यांना लेखी दे, पोच घे. कागदाला उत्तर द्यावं लागतं.

उन्हाळी परीक्षेचे फॉर्म लवकरच सुटतील. जादा वेळेचा अर्ज त्याआधीच कॉलेजकडून जाऊ दे. रायटर हवा असेल तर आतापासून शोधा, ऐन एप्रिलच्या उन्हात कुणी मिळत नाही. आणि परीक्षा विभागात त्याला एकट्याला पाठवू नकोस. खिडकीवर फॉर्म भरताना तो चुकेल, मागे रांग असेल, कुणीतरी ओरडेल. तू सोबत जा. फॉर्म तू वाच, त्याला सांगू दे, तू लिही.

तुझी,
मॅडम