वाचकांचे प्रश्न : घर फिरते की डोके?

प्रश्न : माझ्या पत्नीला पहाटे अंथरुणात कूस बदलताना चक्कर येते. परदेशी असलेल्या मुलाने लक्षणे इंग्रजीत लिहून मागितली, तेव्हा मी ‘गिडीनेस’ असे लिहिले. त्याने उलट विचारले, “म्हणजे डिझी की व्हर्टिगो?” या तिन्ही शब्दांत नेमका फरक काय? – एक निवृत्त शिक्षक, मालवण

उत्तर : आपण लिहिलेला शब्द चुकीचा नाही. आपल्याकडच्या दवाखान्यांतील केसपेपरवर ‘गिडीनेस’ हाच शब्द सर्रास लिहिला जातो. पण इंग्लंड-अमेरिकेतील आजच्या बोलण्यात ‘गिडी’ म्हटले की आजारापेक्षा आनंदाने हुरळून गेलेला किंवा उथळ, अल्लड माणूस अनेकदा आधी डोळ्यांसमोर येतो. ‘डिझी’ हा मोठा हारा आहे, त्यात आपली चक्कर, भोवळ, घेरी आणि गरगरणे असे सगळेच मावते. ‘व्हर्टिगो’ मात्र अरुंद अर्थाचा शब्द आहे. आपण स्थिर असतानाही घर फिरते आहे किंवा आपणच फिरतो आहोत असा भास होत असेल, तरच तो वापरावा. उंचावरून खाली पाहण्याच्या भीतीलाही पुष्कळ जण व्हर्टिगो म्हणतात. ती सवय शास्त्राला धरून नाही.

जाणता डॉक्टर म्हणूनच चक्कर हा शब्द ऐकून थांबत नाही. “घर फिरतं, चालताना तोल जातो, की डोळ्यांपुढे अंधारी येते?” असे तो विचारतो. घर फिरत असेल तर व्हर्टिगो, नुसता तोल जात असेल तर ‘अनस्टेडी’ आणि अंधारी येऊन आता पडणार असे वाटत असेल तर ‘लाइटहेडेड’ किंवा ‘फेंट’. मराठीत आपण हे तिन्ही अनुभव एका चक्करीत गुंडाळतो खरे, पण त्यांच्यासाठी वेगळी वाक्ये आपल्याजवळ आहेत, आणि मुलाला पाठवायच्या मजकुरात एका शब्दापेक्षा अशी वाक्येच अधिक उपयोगी पडतील. चक्कर कूस बदलताना येते, किती वेळ टिकते, त्या वेळी भिंत फिरताना दिसते का, एवढे लिहावे.

कूस बदलताच काही सेकंद घर गरगरणे, याचे एक नेहमीचे कारण कानात असते. अंतःकर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचे शिंपले ज्याचे बनतात त्याच द्रव्याचे, अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकांत शिरले की डोके हलताच तेथील द्रव हलवतात आणि मेंदूला फिरल्याचा खोटा निरोप जातो. कानात कोमट किंवा थंड पाणी घातल्यावर रुग्णांना चक्कर का येते, याचा माग काढत रॉबर्ट बारानी यांनी या यंत्रणेचा अभ्यास केला आणि त्यांना 1914 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थात निदान डॉक्टरांनीच करावे, आणि चक्करेबरोबर बोबडी वळणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे असे काही दिसले तर शब्दांचा काथ्याकूट न करता थेट रुग्णालय गाठावे.

या शब्दांचे मूळ पाहिले तर आपल्याला ओळखीचे काही सापडते. व्हर्टिगो हा ‘वळणे, फिरणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला, जशी आपली चक्कर चक्रापासून आली. डिझीचा जुन्या इंग्रजीतील अर्थ ‘मूर्ख’ असा होता. गिडीचे मूळ तर त्याहून गमतीचे आहे, कारण तो ‘गॉड’ या शब्दाच्या कुळातला असून त्याचा आरंभीचा अर्थ ‘पिशाच्चाने वा देवाने झपाटलेला’ असा होता. गावच्या देवळात अवसर आलेल्या माणसाला जुन्या इंग्रजाने बहुधा गिडीच म्हटले असते. घेरी आणि बुद्धिभ्रंश यांना एका दावणीला बांधण्याचा दोष इंग्रजीला एकटीला देता येत नाही. आयुर्वेदात चक्करेला ‘भ्रम’ म्हणतात आणि त्याच भ्रमाचा आपण ‘भ्रमिष्ट’ करून ठेवला आहे.

प्रश्न : ‘नॉशिया’ आणि आपली ‘नाव’ यांचा संबंध आहे, असे ऐकले. हे खरे आहे का? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : खरे आहे. ग्रीक भाषेत ‘नाउस’ म्हणजे जहाज, आणि नॉशिया म्हणजे मुळात जहाजावर होणारी मळमळ, अर्थात आपले ‘बोट लागणे’. मुंबईहून रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडे येणाऱ्या आगबोटींतून ज्यांनी प्रवास केला, त्यांना या शब्दाची व्युत्पत्ती कोशात पाहण्याची गरज नाही. आता घाटात गाडी लागली तरी इंग्रजीत नॉशियाच होतो, समुद्र मागे राहिला. मात्र ग्रीक ‘नाउस’, लॅटिन ‘नाविस’ आणि संस्कृत ‘नौ’ ही एका आजीची नातवंडे आहेत. ‘नवगती’वरून ‘नॅव्हिगेशन’ झाला, असे जे अभिमानाने सांगितले जाते, त्यात चुलतभावाला बाप ठरवण्याची चूक आहे.

प्रश्न : कथेचा इंग्रजी अनुवाद करताना झोकांडी, डगमगणे, हेलपाटणे या सगळ्यांना मी ‘स्टॅगर’च वापरते. पर्याय सुचवावेत. – एक वाचक, दापोली

उत्तर : येथे कोण हलते आणि कशामुळे, हे आधी पाहावे. हर्णैच्या किनाऱ्यावर डोक्यावर मासळीची भरलेली पाटी घेऊन ओल्या वाळूतून चालणारी बाई आठवून पाहा. तिचे पाऊल ठाम असते, कंबर लयीत डुलते, तेव्हा ती ‘स्वे’ होते. पाटी एका बाजूला कलून थरथरली तर ती ‘वॉबल’ होते. आणि ओझे पेलेनासे होऊन तिची पावले वेडीवाकडी पडू लागली, तरच ‘स्टॅगर’. ओझे, घाव किंवा दारू, असे पाय उखडणारे काहीतरी स्टॅगरच्या पाठीशी असावे लागते. वार्धक्याने किंवा अशक्तपणाने लटपटत चालणे म्हणजे ‘टॉटर’, तर नुकते चालू लागलेले मूल ‘टॉडल’ करते, आणि या दोघांची अदलाबदल केल्यास आजोबा हास्यास्पद होतात. ‘रील’मध्ये गरगरणे आणि झोकांडी दोन्ही आहेत, आपल्या शिवणाच्या डब्यातील सुताचे रीळ त्याचेच भावंड मानले जाते. ‘लर्च’ हा खलाशांचा शब्द. लाटेने होडी एकाएकी एका अंगावर जाते तशी झोकांडी त्यात अभिप्रेत आहे, म्हणून संथ डोलण्याला तो चालत नाही. संकटात सोडून जाण्याच्या इंग्रजी वाक्प्रचारात भेटणारा लर्च मात्र निराळा. तो एका जुन्या फ्रेंच खेळातून आला आहे.

कथेत दारुडा असल्यास ‘ग्रॉगी’ हा शब्दही मोहात पाडील. ब्रिटिश नौदलातील अ‍ॅडमिरल व्हर्नन यांनी 1740 मध्ये खलाशांची रम पाणी मिसळून देण्याचा हुकूम काढला. ते ग्रॉग्रॅम नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा झगा घालत, म्हणून खलाशी त्यांना ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणत, आणि त्या पाणचट रमचे नाव ग्रॉग पडले. ग्रॉगी म्हणजे आधी प्यालेला; आज मात्र झोपेच्या गोळीने किंवा भुलीच्या औषधाने जड झालेल्या, धड जागा नसलेल्या माणसाला तो लावतात. तेव्हा आपले पात्र गुत्त्यातून बाहेर पडत असेल तर स्टॅगर ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर ओटीवर डोके धरून बसले असेल तर ग्रॉगी.