मेणबत्ती धरणारे आणि न धरणारे: इंग्रजी वाक्प्रचारांचं लात्वियन

तुमची पोस्ट वाचली. लात्वियाची राजधानी रिगा, तिथल्या दुकानासाठी मेणबत्त्या, सोबत भेटकार्डं, कार्डावर वर इंग्रजी वाक्प्रचार नि खाली लात्वियन. भाषांतर कचेरीचा शिक्का असूनही दुकानातल्या बाई हसल्या आणि कारण सांगेनात. कारण तुमच्या चौथ्या, आईसाठीच्या कार्डावर आहे. हाच घोटाळा मलाही सगळ्यात महाग पडलाय आणि तोही शिक्क्यासकट आला होता, म्हणून लांबलचक लिहितोय.

‘कॅन्ट होल्ड अ कँडल टू’ म्हणजे आपल्याकडचं ‘पासंगालाही पुरत नाही’. इंग्रजीत चित्र असं: उस्ताद काम करतोय, हाताखालचा पोऱ्या उजेड धरतोय, समोरचा तेवढ्याही लायकीचा नाही. कचेरीने शब्दाला शब्द ठेवून ‘आईसाठी कोणी मेणबत्ती धरू शकत नाही’ केलं. लात्वियनमध्ये मेणबत्ती धरण्याचं चित्र आहेच, पण वेगळ्या खोलीतलं. ‘स्वेत्सि नेएस्मु तुरेयिस’, शब्दशः ‘मी मेणबत्ती धरलेली नाही’, हे दोघांच्या भानगडीबद्दल विचारलं की म्हणतात. मी काही पलंगाशेजारी उजेड धरून उभा नव्हतो, मला काय ठाऊक, असा अर्थ. रशियनमध्येही हेच आहे. आता ते आईच्या कार्डावर वाचा.

तिथे मेणबत्ती काढूनच टाका. ‘नेविएन्स नेवर लीद्झिनातिएस मातेइ’ असं लिहा. यात दोन नकार आहेत, ते मराठीसारखेच: ‘कोणीच’ही येतं आणि ‘नाही’ही. इंग्रजी साच्यावरून एक नकार उडवलात तर वाक्य मोडेल. ‘मातेइ’ ही ‘माते’ची चतुर्थी. आपण आई‘शी’ बरोबरी करतो, ते आई‘ला’ करतात.

बाकीच्यांत एवढा धोका नाही. ‘बर्निंग द कँडल ॲट बोथ एंड्स’, म्हणजे मेणबत्ती दोन्ही टोकांनी जाळणं, जसंच्या तसं चालतं: ‘देद्झिनात स्वेत्सि नुओ अबिएम गलिएम’. पण ‘रात्रीचा दिवस केला’ हे आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. इथे माणूस स्वतःला जाळतोय अशी काळजी आहे. अभिनंदनाच्या कार्डावर नको. ‘द गेम इज नॉट वर्थ द कँडल’ला ‘स्पेले नउ स्वेचु वेर्ता’. मूळ फ्रेंच, जुगाराच्या डावात मेणबत्तीचाही खर्च सुटत नाही असं. म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. मेणबत्ती विकणाऱ्याने हे का छापावं ते तुम्हीच ठरवा. ‘बुशेल’खाली दिवा लपवण्याचं बायबलातलं आहे, मराठी बायबलात ‘मापाखाली’ आणि ‘दिवठणीवर’ येतं तेच. लात्वियनमध्ये ‘तुरेत स्वेत्सि झेम पूरा’; पूर्स हे धान्याचं जुनं माप. नम्रपणे गुण लपवणाऱ्याला चपखल, बिनधास्त छापा. एक वाक्प्रचार मात्र तुमच्या यादीत नाही आणि असायला हवा: ‘तैस्न्स का स्वेत्से’, मेणबत्तीसारखा ताठ. इंग्रजीतून निघालात तर तो हाती लागणारच नाही, कारण तिथे ताठपणासाठी दुसऱ्याच उपमा आहेत.

‘स्वेत्से’ कुठे आणि ‘स्वेचु’ कुठे, हा तुमचा दुसरा प्रश्न. ‘स्वेत्से’ एक मेणबत्ती, ‘स्वेचु’ म्हणजे मेणबत्त्यांचा-ची-चे. षष्ठीच्या अनेकवचनात ‘चोर’मधला च जाऊन ‘चार’मधला च येतो. इंग्रजी माणूस इथे अडखळतो. आपल्याला दोन्ही च जन्मापासून येतात. म्हणून मेणबत्तीच्या उजेडातलं जेवण ‘वकरिन्यस स्वेचु गैस्मा’, २ फेब्रुवारीचा सण ‘स्वेचु दिएना’, आणि मेणबत्तीदान ‘स्वेच्तुरिस’.

लाडाचं रूप ‘स्वेत्सीते’ जपून वापरा. वाढदिवसाच्या केकवर ठीक, पण औषधाच्या दुकानात त्याचा अर्थ गुदद्वारातून घालायचं औषध. तुमच्या कार्डावरचं ‘रोज रात्री एक स्वेत्सीते, आणि आराम’ हे डॉक्टरांनी लिहून दिल्यासारखं वाचलं जाईल. नुसतं ‘स्वेत्से’ गॅरेजात स्पार्क प्लग होतं (पूर्ण नाव ‘ऐझ्देद्झेस स्वेत्से’) आणि योगवर्गात सर्वांगासन, पण संदर्भामुळे त्यात कोणी फसत नाही.

लाल प्लॅस्टिकच्या ग्लासातली, झाकणवाली मेणबत्ती भेट म्हणून पाठवू नका. ती ‘कपु स्वेत्से’, थडग्यावरची. शरद ऋतूत ‘स्वेत्सीशु वकर्स’ला दफनभूमीत अशाच लावतात. ११ नोव्हेंबरला, लाचप्लेसिस दिनी, रिगाच्या किल्ल्याच्या भिंतीशी मेणबत्त्यांची रांग लागते, तीही १९१९च्या लढाईतल्या सैनिकांच्या आठवणीसाठी. नोव्हेंबरात मागणी वाढली तर ती दिवाळीसारखी समजू नका.

आता छपाई. स्वरावरची आडवी रेघ म्हणजे आपलं दीर्घ, ती गळली की शब्दच बदलतो. ‘काझु स्वेत्से’ लग्नाची मेणबत्ती. रेघ गेली की ‘कझु स्वेत्से’, शेळ्यांची मेणबत्ती. छापखान्याला मजकूर व्हॉट्सॲपवर टाइप करून देऊ नका, फाँट आत बसवलेली पीडीएफ द्या आणि पहिल्या प्रतीवर प्रत्येक रेघ बोटाने मोजा. ई, आ, ऊ, ए यांवरच्या रेघा, च, श यांच्या डोक्यावरची खूण आणि ‘वकरिन्यस’मधल्या न्यच्या पायाशी असलेली खूण, हे सगळं बघायचंय.

सुरक्षेच्या मजकुरात वात म्हणजे ‘दक्त्स’, ‘१ सेंमीपर्यंत कापा’ यात ‘दक्ति’. खुणांसाठी युरोपीय मानक ईएन १५४९४ बघा, ग्राहकासाठीची सूचना लात्वियनमध्ये लागते, सुगंधी असेल तर रसायनांच्या लेबलाचे नियम वेगळे. मी वकील नाही, यातलं अंतिम तुमच्या आयातदाराकडून लेखी घ्या.

आणि भाषांतर कचेरीबद्दल. शिक्का ‘मजकूर मुळाशी जुळतो’ एवढंच सांगतो, आणि ‘मेणबत्ती धरणं’ मुळाशी अगदी जुळतंच होतं! चूक दाखवली तर ‘आम्ही अर्थाची हमी देत नाही’ असं उत्तर येतं, वर दुरुस्तीचे पैसे वेगळे. माझं मत (पटेल असं नाही): कार्डाच्या मजकुराला शिक्का घेऊच नका. त्याच पैशात रिगातल्या कोणाला तरी फक्त लात्वियन बाजू वाचायला द्या, इंग्रजी न दाखवता, आणि ‘यातून तुम्हाला काय कळलं’ ते सांगायला लावा. दुकानातल्या बाई हसल्यात, म्हणजे त्यांना कळतंय. आधी त्यांनाच विचारा.