क्रॅपीसाठी जिवंत मिनो गळाला लावताना

अमेरिकेतल्या केंटकी लेकवर क्रॅपी (गोड्या पाण्यातला एक मासा) पकडायला पहिल्यांदा निघालायस, तर आधी गळ बघ. बारीक तारेचा ॲबरडीन (लांब दांडीचा गळ) घे, ४ किंवा ६ नंबरचा. जाड गळाने दीड-दोन इंचांचा मिनो, म्हणजे आमिषाचा छोटा मासा, टोचतानाच अर्धमेला होतो.

बोट संथ चालवत आमिष ओढणार असशील, तर खालच्या जबड्यातून गळ वर घेऊन वरच्या ओठातून काढ; मिनो सरळ पोहतो. बॉबर (दोरीवरचा तरंगता गोळा) लावून एकाच जागी थांबायचं असेल तर पाठीत टोच. चुकतं ते इथेच. पाठीवरच्या पराखाली, पण कण्याच्या वरून, नुसत्या मांसातून गळ गेला पाहिजे. कणा दुखावला की मिनो लुळा पडतो, मग उपयोग नाही. हात ओला करून त्याला अलगद धर आणि टोचल्यावर काठाशीच पाण्यात सोडून शेपटी नीट हलतेय का बघ.

क्रॅपी वर बघून खाते, म्हणून आमिष माशांच्या जरा वरच ठेव. बॉबर बुडाला की हिसका अजिबात नको, काठी नुसती उचल. क्रॅपीचे ओठ कागदासारखे पातळ असतात, लगेच फाटतात.

बादलीत नळाचं पाणी घालू नकोस, क्लोरीनने मिनो मरतात. आणि उरलेले मिनो तळ्यात कधीच सोडू नकोस.